माळ्यावरच्या आत्याचा आवाज

आमच्या कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आणि चौथी व्हायच्या आत आई स्टोव्ह बारीक करायची. रंगम्मांचा कुकर आधी बराच वेळ फुसफुसायचा आणि मग एकदाच, पण असा ओरडायचा की अंगणातल्या चिमण्या उडायच्या. मल्लेश्वरमच्या त्या जागेला वठार म्हणायचे. पुढं मालकिणीचं, म्हणजे रंगम्मांचं मोठं घर, मागं अंगण, अंगणाच्या कडेनं ओळीत चार बिऱ्हाडं, एक नळ आणि एक दगडी हौद. कुणाच्या घरात काय चाललंय ते बघायला जावं लागत नसे. डोळे मिटून अंथरुणात पडलं तरी कळायचं की कडेच्या बिऱ्हाडात डोशाचं पीठ वाटायला घेतलंय, रंगम्मा दारात पाणी मारतायत आणि आमचे नाना कामावर निघण्याआधी तिसऱ्यांदा चष्मा शोधतायत. माझे कान तिखट आहेत असं पुढं पुष्कळांनी सांगितलं. त्यात माझा काही पराक्रम नाही. असल्या वठारात कोणाचेही कान तिखट झाले असते.

आम्ही मूळचे गुहागरकडचे. नानांना यशवंतपूरजवळच्या एका सरकारी कारखान्यात काम लागलं म्हणून बेंगळुरूला आलो, तेव्हा माझी चौथी झाली होती. इथल्या शाळेत मला कन्नड येत नाही म्हणून दुसरीत बसवलं. माझे गुडघे त्या बाकाखाली मावत नव्हते आणि शेजारचा मुलगा रोज नाक माझ्या परकराला पुसायचा. अकरा दिवस गेले, बाराव्या दिवशी मी गेले नाही. लोक अजून विचारतात, घरच्यांनी शाळा सोडवली का हो तुमची? नाही. मी सोडली. आईनं दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी माझ्यापुढं भाजीची पाटी ठेवली. कन्नड मी नळावर शिकले, आणि चांगलं शिकले, कारण नळावर चुकीचं बोललं तर नंबर जातो.

मी सतरा वर्षांची होते तेव्हाची ही गोष्ट. एक दिवस रंगम्मांनी पुढचं घर शूटिंगला दिलं. त्या स्वतः मागच्या दोन खोल्यांत आल्या आणि पुढं दिवे, वायरी, तिकाटणी आणि बिनकामाची वाटावीत अशी पंधरा माणसं आली. टीव्हीसाठी विनोदी मालिका करायची होती, कन्नडमधली. नाव ‘अट्टद अत्ते’, म्हणजे माळ्यावरची आत्या. गोष्ट मला अजून पाठ आहे. एका घरात पुट्टा नावाचा मुलगा आणि नंदिनी नावाची मुलगी, दोघं दहावीच्या आसपासची. बाप पन्नाशीचा, टकल्या, कडक. या बापाची थोरली बहीण त्याच्या जन्माआधीच सोळाव्या वर्षी वारलेली, आणि ती अजून माळ्यावर राहते, अजून सोळाचीच. मुलांना ती मैत्रीण, पण बापाची थोरली अक्का. त्यामुळं तो मुलांना ओरडायला लागला की ही माळ्यावरून त्याचा कान धरते, आणि तो टकल्या माणूस पोरासारखा ‘सोड ना अक्का’ म्हणतो. मुलांना ती दिसते, त्याला दिसत नाही, फक्त ऐकू येते. म्हणजे सगळा कारभार आवाजावर.

या आवाजाचं खातं मूर्ती नावाच्या माणसाकडं होतं. काडीसारखा बारीक, कानाला हेडफोन, आणि चेहरा कायम दाढ दुखत असल्यासारखा. त्याचं मुख्य काम वठारात हिंडून गयावया करण्याचं होतं. “अक्का, स्वल्प कुकर मागाहून लावा,” असं आईला. “अम्मा, दहा मिनिटं धुणं आपटू नका,” असं कडेच्या बिऱ्हाडात. आई म्हणायची, “तुमच्या भुतापायी आमची डाळ कच्ची राहते.” तो म्हणायचा, “भूत नाही अक्का, अत्ते.” एकदा ऐन दृश्यात शिट्टी झाली आणि हा धावत आमच्या दारात आला. मी भाकरी थापत होते. मी म्हटलं, “ती आमची नव्हे, रंगम्मांची. आमची बारीक असते. आणि आता पाच मिनिटांत त्यांची परत होणार नाही, त्या डाळीला एकच घेतात. तोवर उरकून घ्या.” त्यानं हेडफोन मानेवर घेतला आणि माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून मी पुढच्या घराच्या दारात उभी राहून कोणत्या घरातून कधी आवाज येणार ते सांगायला लागले. आई म्हणाली, “जा, पण भाकऱ्या थापून जा.”

आत्या कशी ऐकू यावी यावर मात्र त्यांचं घोडं अडलं होतं. त्यांनी पेटी वाजवून बघितली, बाटलीत फुंकलं, शंख फुंकला. शंख फुंकला तर रंगम्मांनी आतून घंटा वाजवली, त्यांना वाटलं आरती सुरू झाली. एका बाईला हुंकार द्यायला लावला, ती इतकी हसली की तिला घरी पाठवलं. डायरेक्टर पोरगेला होता, तो पायरीवर डोकं धरून बसला. म्हणाला, भीतीपण वाटायला पाहिजे आणि घरातलीपण वाटायला पाहिजे. मी दारात उभी होते. मला तो आवाज माहीत होता. आमच्याकडच्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

नवरात्रातल्या अष्टमीला आमच्यात महालक्ष्मीची पूजा असते. तांदळाच्या उकडीचा देवीचा मुखवटा करतात, आणि संध्याकाळी सवाशिणी आणि मुली तिच्यापुढं घागरी फुंकतात. घागर आधी धुपावर पालथी धरून उदवायची, मग दोन्ही हातांनी गळ्याला धरून तोंडाच्या कडेवर फुंकायचं आणि फुंकत फुंकत नाचायचं. घूं घूं असा आवाज निघतो आणि खोली त्यानं भरून जाते. त्या आवाजात एखादीच्या अंगात देवी येते. मग लोक तिला प्रश्न विचारतात, लग्नाचे, नोकरीचे, दुखण्याचे. मल्लेश्वरमला आमच्या मराठी मंडळींची पूजा बर्वेकाकूंच्या घरी असायची आणि देवीसुद्धा त्यांच्याच अंगात यायची. दुसऱ्या कुणाच्या यायची हिंमत नव्हती.

हा आवाज अष्टमीखेरीज काढायचा नसतो हे मला कोणी शिकवलं नव्हतं, कारण ते शिकवायची वेळच कधी आली नव्हती. पायात चप्पल घालून देवघरात जाऊ नये हे कोणी सांगतं का? पण सतरा वर्षांच्या मुलीला पंधरा माणसांचं अडलेलं काम आपल्याला येतंय हे कळल्यावर तिनं गप्प बसावं, ही अपेक्षा जरा जास्त आहे. मी आमची पितळी घागर पाण्याला म्हणून काढली, मागच्या बाजूला निखाऱ्यावर धूप टाकून उदवली, आणि मूर्तीला हौदाकडं बोलावलं. त्या दिवशी हौद धुवायला रिकामा केला होता. मी आत उतरले. त्यानं वरून काठीला बांधलेला माइक खाली सोडला. मी फुंकलं.

वर खट्कन टेप थांबली. मला वाटलं, तार निघाली. मग मूर्ती हौदाच्या काठावरून वाकला, त्यानं हेडफोन काढून माझ्या कानाला लावला आणि टेप मागं घेऊन ऐकवलं. माझाच आवाज, पण माझ्यापेक्षा मोठा, जवळ, आणि कसलीही लाज नसलेला. मला आयुष्यात बरंच काही मिळालं, पण हौदात अनवाणी उभं राहून ऐकलेल्या त्या आवाजाच्या तोडीचं थोडंच. मूर्ती एवढंच म्हणाला, “मगू, परत कर.” मगू म्हणजे बाळ. पुढं तो मला कायम मगूच म्हणायचा, मला मुलगी झाली तरी.

मग मला छंदच लागला. घागरीत पाणी घातलं की आवाज चढतो हे मी दोन दिवसांत शोधून काढलं. आत्या उदास असली तर घागर कोरडी, लाडात असली तर दोन बोटं पाणी, टकल्यावर रागावली की चार बोटं. कन्नड मला वाचता येत नव्हतं, तेव्हा मी माझा कागद माझ्या पद्धतीनं केला. एकेका प्रसंगाला एक गोल काढायचा आणि त्यात पाणी किती ते रेघ मारून दाखवायचं. डायरेक्टरला तो कागद इतका आवडला की त्यानं मागून घेतला. मी दिला नाही, मला लागत होता.

घरी मी सांगितलं, शूटिंगवाल्यांना आवाजाची मदत करते. खोटं नव्हतं. पण एक दिवस आईनं घागर हुंगली. “हिला धुपाचा वास कसला येतोय गं?”

“उंदीर शिरला होता.”

“घागरीत?”

“म्हणून तर उदवली.”

आईनं माझ्याकडं बघितलं, घागरीकडं बघितलं आणि चिंच घेऊन ती घासायला बसली.

दोन भाग तयार झाले, अकरा राहिले. पुढचे आवाज शहरातल्या एका स्टुडिओत घ्यायचे ठरले, दर गुरुवारी. तिथं बसनं जायचं, म्हणजे घरून परवानगी हवी. आणि नेमकं त्याच आठवड्यात चिपळूणहून आत्याचं पत्र आलं, माझ्या खऱ्या, जिवंत आत्याचं. एक स्थळ होतं, तांदळाची गिरणी, माणसं ओळखीची. मुलीला गणपतीत पाठवून द्या, जमलं तर तुळशीच्या लग्नानंतर उरकून टाकू. मुलगा वाईट असेल असं मला कधी वाटलं नाही. मी काही रडलेही नाही. पण मला ते अकरा भाग करायचे होते. गणपती महिन्यावर आले होते, आणि एकदा चिपळूणला गेले की बेंगळुरू संपलं हे मला कळत होतं.

मूर्ती नानांना विचारायला आला तेव्हा नाना कामावरून येऊन चहा पीत होते. नानांचं कन्नड कारखान्यातलं, स्क्रू आणि पान्यापुरतं. मी मूर्तीला आधीच हात जोडून सांगितलं होतं, घागरीचं नाव काढू नका. त्यामुळं बोलणं असं झालं.

“काम काय असतं?” नाना म्हणाले.

“आवाजाचं, सार.”

“कुणाच्या आवाजाचं?”

“अत्तेच्या.”

“म्हणजे आमची मुलगी टीव्हीवर बोलणार?”

“बोलणार नाही, सार. ती... असते.”

नानांनी बशी खाली ठेवली. “येत्या शनिवारी पहिला भाग लागतोय ना? बघतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नसेल तर विचार करू. असेल तर ती गणपतीला चिपळूणला जाईल.”

“सरी, सार,” म्हणजे बरं साहेब, असं मूर्ती म्हणाला आणि त्याची दाढ आणखी दुखायला लागली.

टीव्ही आमच्याकडं नव्हता. बर्वेकाकूंकडं होता, लाकडी दारांचा, वर विणलेला रुमाल घातलेला, आणि त्यावर ठेवलेली शंकर-पार्वतीची मूर्ती कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी उचलून कपाटावर ठेवायची. आपल्या वठारातलं घर टीव्हीवर दिसणार म्हणून झाडून सगळे आले. मराठी मंडळी सगळी होती, रंगम्मा नवी साडी नेसून पुढं बसल्या होत्या. बर्वेकाकूंनी बटाटेवडे केले होते आणि वड्यांचं ताट स्वतःपुढं जमिनीवर घेऊन बसल्या होत्या, म्हणजे कोणी किती घेतले ते दिसावं. काकू तेव्हा पंचेचाळिशीच्या, वजनदार, गुडघे कामातून गेलेले. खाली बसल्या की उठवायला दोघी लागायच्या. मी दाराजवळ उभी होते. खोलीतल्या बायकांची डोकी मोजली तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की यातल्या प्रत्येकीनं घागर फुंकलेली आहे. इतके दिवस मी कन्नड लोकांना फसवायचा विचार करत होते. घरच्यांना हा आवाज ओळखू येईल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. इतकी मूर्ख मी त्याआधी नव्हते आणि नंतरही झाले नाही.

मालिका लागली. रंगम्मांचा व्हरांडा दिसला तशी त्या म्हणाल्या, “अय्यो, कोळिष्टक काढलं नाही.” टकल्या बाप आला, मुलांचे मार्क बघून ओरडायला लागला, लोक हसायला लागले. पुट्टा आणि नंदिनीनं वर माळ्याकडं बघितलं. दिवा हलला. आणि टीव्हीतून घागर वाजली.

आधी बायका हसायच्या थांबल्या. मग दोघीतिघींनी वळून बर्व्यांच्या देवघराकडं बघितलं. कोणीतरी हळूच विचारलं, “आज काय अष्टमी आहे?” आईनं कुठंही न बघता सरळ माझ्याकडं बघितलं आणि ओठांत म्हणाली, “उंदीर.” नानांना बायकांतला आवाज लगेच उमजला नाही, पण बायकांचे चेहरे त्यांना वाचता येत होते. त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की आमच्या घरात निकाल लागायचा.

तेवढ्यात बर्वेकाकू डोलायला लागल्या. आधी मान, मग खांदे, मग तोंडानं हूं हूं. अंबाडा सुटला. आणि ज्या बाईला उठवायला दोघी लागायच्या ती भिंतीला हातही न लावता ताडकन उभी राहिली आणि टीव्हीपुढं घुमायला लागली. एकच धांदल उडाली. “देवी आली, देवी आली, हळदकुंकू आणा.” “अहो, पण श्रावणात?” “तिला काय महिना विचारता, ओटीचं बघा.” नारळ सापडेना, रंगम्मा धावत जाऊन स्वतःच्या घरचा घेऊन आल्या आणि त्यांनी आधी काकूंना आणि मग राहू नये म्हणून टीव्हीलाही नमस्कार केला. तिकडं आत्यानं टकल्याचा कान धरला होता आणि इकडं देवी घुमत होती, लोकांना कुठं बघावं कळेना. बर्वेकाका गोंधळून म्हणाले, “टीव्ही बंद करतो.” देवी डोळे मिटूनच म्हणाली, “बंद करू नकोस.” काकांचा हात तसाच राहिला.

मग नेहमीसारखे प्रश्न सुरू झाले. एकीनं सुनेचं विचारलं, एकानं बढतीचं. देवीनं दोघांना एकेका शब्दात वाटेला लावलं, तिचं लक्ष प्रश्नांत नव्हतं. गर्दीतून नाना पुढं आले. नाना दर अष्टमीला एकच विचारायचे, सगळं बरं होईल ना? आज त्यांनी हात जोडले आणि खाली मान घालून म्हणाले, “आई, हा घागरीचा आवाज आमच्या पोरीनं दिलाय. चुकलं का आमचं?”

म्हणजे त्यांना कळलं होतं. मी दाराची कडी घट्ट धरली.

“घागर कोणाची?” देवी म्हणाली.

“तुमचीच.”

“उदवली होती?”

नानांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “हो. दर वेळी.”

“मग?”

नाना म्हणाले, “हिला गणपतीत चिपळूणला पाठवायची आहे. स्थळ आलंय. पाठवू का?”

“आणि पुढच्या शनिवारी फुंकणार कोण? तू?”

टीव्हीतून चार बोटं पाण्याचा आवाज आला, आत्या फार रागावली होती, आणि टकल्या म्हणाला, “चुकलो अक्का.” पहिल्यांदा हसली ती माझी आई. तिचं हसू असं मोठ्यानं मी तोवर ऐकलं नव्हतं, बारीक सुरू होऊन मग आवरेना असं, रंगम्मांच्या कुकरसारखं. मग सगळेच हसले, ज्यांना काय झालं ते कळलं नव्हतं तेसुद्धा. देवी हळूच खाली बसली, तिच्या पायांवर पाणी घातलं, आणि डोळे उघडून बर्वेकाकू म्हणाल्या, “संपला का भाग?”

घरी जाताना नाना पुढं चालले आणि आम्ही मागं. अंगणात नळापाशी ते थांबले. मला वाटलं, आता. ते म्हणाले, “काम झालं की घागर चिंचेनं घासून देवाजवळ ठेवायची. आणि गुरुवारी सहाच्या आत घरी यायचं. मूर्तींना सांग.” आणि चष्मा लावून आत गेले. चिपळूणला काय लिहिलं ते मला माहीत नाही. गिरणीवाल्याचं त्याच वर्षी दुसरीकडं जमलं, आणि पुढं एकदा मी त्याला पाहिलं, बरा होता.

तेरा भाग झाले. मी एकही गुरुवार चुकवला नाही, घागर मांडीवर घेऊन बसमध्ये बसायची. कंडक्टर म्हणायचा, “अम्मा, तिकडं पाणी येत नाही का?” अष्टमीला नेहमीची पूजा झाली, मी तीच घागर फुंकली आणि सगळ्या बायका माझ्याकडं जरा बिचकून, जरा कौतुकानं बघत होत्या. एका बाईनं कानात विचारलं, “त्या आत्याला माळा सोडून जायला लागतं का गं शेवटी?” मी सांगितलं नाही. धंद्यातली गोष्ट होती.

त्यानंतर सव्वीस वर्षं मी हेच काम केलं. रेडिओला, टीव्हीला, मूर्तीबरोबर आणि मूर्ती थकल्यावर त्याच्याशिवाय. चिंचोके सुपात घोळले की लांबचा पाऊस होतो, ओलं फडकं परातीत आपटलं की पैलवान पडतो. लग्नही केलं, उशिरा, आणि माझ्या मनानं. माझी मुलगी आता कोरमंगलात चार मुलींबरोबर खोली घेऊन राहते आणि मोबाइलवर बघायच्या मालिकांना आवाज देते. तिच्याकडं सगळे आवाज कंप्युटरात आहेत, साडेतीनशे प्रकारची दारं. मागं तिला भुताचा आवाज हवा होता. शंभर ऐकवले मला, सगळे परदेशी भुतांचे. मी म्हटलं, यातलं एकही घरातलं वाटत नाही. मग घागर काढली. दम आता पुरत नाही, तीन फुंकांत छाती भरून येते, पण तिला तीन पुरल्या. म्हणाली, “आई, वन मोअर, प्लीज.” हे ‘परत कर’चंच भाषांतर, म्हणून केलं.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नव्हती. त्या शनिवारी मी दाराजवळ उभी होते आणि तिथून काकू सरळ दिसत होत्या. त्या डोलायला लागल्या, डोळे मिटले, अंबाडा सुटला, आणि उठण्याच्या अगदी आधी त्यांनी उजव्या पायानं वड्यांचं ताट हळूच बाजूला सरकवलं, कोणाचा पाय पडू नये म्हणून. देवी येताना आधी वडे सरकवते का, हा प्रश्न मी चाळीस वर्षं बाळगला. दुसरी शंका अशी की पुढच्या बारा शनिवारी त्याच खोलीत तीच घागर वाजली आणि काकू वडे खात शांतपणे बघत बसल्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, “देवी एकदा सांगते. रोज रोज सांगायला ती काय सासू आहे?”

काकू अजून आहेत. पंच्याऐंशीच्या पुढं गेल्यात, मल्लेश्वरमलाच मुलाकडं असतात, ऐकू कमी येतं. मी मेट्रोनं जाते, जाताना वडे नेते. गेल्या महिन्यात घरात आम्ही दोघीच होतो. मी कानाशी तोंड नेऊन विचारलं, “काकू, त्या दिवशी देवी खरंच आली होती?”

“आली होती की.”

“मग ताट कोणी सरकवलं?”

काकूंनी वडा मोडला, आतली भाजी बघितली, मीठ बरोबर आहे अशी मान हलवली. “मी सरकवलं. तिला म्हटलं, जरा थांब, खाली वडे आहेत.”

“आणि नानांना उत्तर दिलं ते?”

“ते मला काय विचारतेस? ते तिनं दिलं.” त्यांनी दुसरा वडा उचलला. “मला आपलं त्या टकल्याचं पुढं काय होतं तेवढं बघायचं होतं.”